किनाऱ्याच्या डेटाचं काम: नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी थोडं माझ्या चुकांमधून

ओळखीतल्या एका मुलीचा मेसेज आला, ताई मला कोस्टल मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टमध्ये डेटाचं काम मिळालंय, जायच्या आधी काय वाचू. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकते, अजून कुणाला उपयोग होईल.

मी देवगड तालुक्यातली, एमएस्सी भूगोल, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांचा डेटा हाताळायचं तंत्र) शिकले ते जेमतेम एक सेमिस्टर. जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी एक फोल्डर दिला, पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत कुठे किती मासळी उतरली त्याचे आकडे, अर्धे सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, अर्धे राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे, म्हणाले शुक्रवारपर्यंत एक टेबल कर. मी गुरुवारीच दिलं, एकदम खूश. सोमवारी सरांनी विचारलं यातलं २०१८ म्हणजे कुठलं २०१८? तेव्हा कळलं की सीएमएफआरआयचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि राज्याचं एप्रिल ते मार्च, आणि मी २०१८ आणि २०१८-१९ सरळ एका ओळीत ठेवून तुलना केली होती. शिवाय दोघांची अंदाज काढायची पद्धतही वेगळी, त्यामुळे वर्ष जुळवलं तरी आकडे तंतोतंत जुळणार नाहीतच. घरी फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले अगो आपलं वर्ष नारळी पौर्णिमेपासनं. आणि खरंच आहे ते, जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपली की हंगाम सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो, एक अख्खा हंगाम या दोन्हीपैकी कुठल्याच वर्षात बसत नाही. आता मी महिनावार आकडे मिळत असतील तर तेच मागते, वर्षाचा एकच आकडा शक्यतो घेतच नाही.

तर मुद्दा असा की या कामात इंडिकेटर हा शब्द सारखा येतो, तो ऐकून घाबरू नका. किनाऱ्याची तब्येत कशी आहे ते सांगणारा आकडा, एवढंच. किती किनारा धुपतोय, कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) किती, मासळी किती उतरते, खाडीचं पाणी कसं आहे, किनाऱ्यालगत बांधकाम किती वाढलं. युरोपात २००२ नंतर अशी २७ इंडिकेटरची यादी करून वेगवेगळ्या देशांच्या किनाऱ्यांवर ती लावून बघितली होती, ती शोधून वाचा, आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही पण डोकं कसं लावायचं ते कळतं. खरी डोकेदुखी यादी करताना होत नाही, एकाच गोष्टीचे तीन ऑफिसांतून तीन आकडे येतात तेव्हा होते.

महाराष्ट्राचा किनारा किती किलोमीटर, विचारून बघा. शाळेत आपण ७२० शिकलो. केंद्राच्या जुन्या तक्त्यात ६५२.६ आहे. आणि अलीकडे नव्याने मोजल्यावर आला ८७७.९७. देशाचा ७५१६.६ वरून ११,०९८.८१ झाला. कुणी समुद्रात भर टाकून किनारा वाढवला नाही, जुनी मोजणी ढोबळ होती, नवीन मोजणीत बारीक स्केलवर प्रत्येक खाडी आणि वळण धरलं. आता समजा तुमचा इंडिकेटर आहे 'एकूण किनाऱ्यापैकी किती टक्के धुपतोय', तर भागायचं कशाने? भाजक बदलला की टक्केवारी बदलते आणि जमिनीवर तर काहीच झालेलं नसतं.

कांदळवनाचं पण तसंच. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१५ च्या अहवालात महाराष्ट्रात २२२ चौरस किमी होतं, २०१७ च्या अहवालात ३०४. दोन वर्षांत ८२ चौ. किमी! पेपरात आनंदाच्या बातम्या आल्या, आणि लागवड, संरक्षण झालं हे खरंच आहे, पण असा आकडा दिसला की आधी विचारायचं, झाडं वाढली की बघणाऱ्याची नजर सुधारली? त्या नकाशाचा एक पिक्सेल २३.५ मीटरचा आणि एक हेक्टरपेक्षा छोटा तुकडा त्यात धरतच नाहीत. आमच्या खाडीत खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधाला लागून तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, जी अरुंद रांग असते ती यात दिसणारच नाही. मग गावातला माणूस म्हणतो तिवरं तोडली आणि रिपोर्ट म्हणतो वाढली, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक मात्र धुपीची. जुन्या टोपोशीटवरची (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरची) किनारारेषा आणि सॅटेलाइट इमेजवरची रेषा एकावर एक ठेवली आणि छातीठोक सांगितलं की ही पुळण (वाळूचा किनारा) शंभर मीटरच्या वर सरकली. सगळे गप्प. मग एका सीनियर मॅडमनी हळूच विचारलं, डेटम बदललास का? डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश कुठला पाया धरून मोजले ते. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर, इमेज डब्ल्यूजीएस ८४ वर, आपल्या भागात नुसत्या त्यानेच एवढा फरक पडतो. किनारा होता तिथेच होता. ते सुधारलं तर दुसरं निघालं, एक इमेज ओहोटीची आणि एक भरतीची. पुळणीचा उतार ३० ला १ असला आणि पाण्यात दोन मीटरचा फरक असला तर पाण्याची रेषा ६० मीटर आत-बाहेर होते, साधं गणित आहे, पण ऑफिसात एसीत बसून ते सुचत नाही. त्यामुळे इमेजची तारीख आणि वेळ घ्या, त्या वेळची भरती बघा, उधाण (मोठी भरती-ओहोटी) होतं का भांग (लहान) होता ते बघा, मगच रेषा काढा.

आता इंडिकेटर जिल्ह्यावार न काढता रीजनल, म्हणजे किनाऱ्याच्या अख्ख्या पट्ट्याचे, काढा असं का म्हणतात ते. वाळू जिल्ह्याची हद्द पाळत नाही. ती एका ठरावीक पट्ट्यातच इकडून तिकडे फिरत असते, सेडिमेंट सेल म्हणतात त्याला, म्हणजे एका गावाने दगडांचा बंधारा घातला की शेजारच्या गावाची पुळण उपाशी राहते. तेरेखोलच्या खाडीवर उभं राहिलात तर लगेच कळेल, एका बाजूला महाराष्ट्र, एका बाजूला गोवा, त्यात पुन्हा तेरेखोलचा किल्ला उत्तर काठावर असून गोव्याचा. खाडीचं तोंड एक आणि फायली दोन राज्यांत. अशा ठिकाणी जिल्ह्यावार इंडिकेटर काढून काय करणार सांगा.

डेटा मागण्याबद्दल पण लिहायलाच हवं. कागदोपत्री २०१२ पासून राष्ट्रीय डेटा शेअरिंग पॉलिसी आहे, पण एका ऑफिसातून (नाव नको) मला तीन महिन्यांनी जे आलं ते तिरकं स्कॅन केलेलं पीडीएफ होतं. रागावून उपयोग नाही, समोरच्या क्लार्कला पण कुणी सांगितलेलं नसतं की कशाला हवंय. मी आता रिकामं टेबल बनवून पाठवते, कॉलम टाकून, एक ओळ नमुन्याला भरून, आणि आपला तयार नकाशा त्यांना परत द्यायचं कबूल करते आणि खरंच देते. दुसऱ्यांदा मागितलं की आठवड्यात येतं. फाईल आली की तिची कुंडली मांडायची: कुणी मोजलं, कधी, कशाने, युनिट काय, स्केल काय, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवली) काय. हे नसेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा, सहा महिन्यांनी तो माणूस बदलून गेलेला असतो. आणि गावांची नावं जुळवून टेबल जोडू नका, मिठबाव आणि मिठबांव, वेंगुर्ला आणि वेंगुर्ले यात माझा एक अख्खा आठवडा गेलाय, एलजीडी कोड (सरकारने प्रत्येक गावाला दिलेला नंबर) वापरा. माशांचं तर विचारूच नका, सरंगा म्हणजे कुणाला पापलेट, कुणाला फक्त मोठं पापलेट, म्हणून शास्त्रीय नावाचा कॉलम पाहिजेच.

शिकायचं म्हणाल तर क्यूजीआयएस (जीआयएसचं सॉफ्टवेअर) घरी बसून फुकट होतं, सेंटिनेल आणि लँडसॅट उपग्रहांच्या इमेज फुकट, इस्रोचं भुवन पोर्टल आहे, इन्कॉइस या केंद्राच्या समुद्र-माहिती संस्थेच्या साइटवर लाटा, भरती, मासळीचे संभाव्य पट्टे सगळं बघता येतं. आपल्याच गावच्या किनाऱ्याच्या दहा वर्षांच्या रेषा काढून ठेवा, इंटरव्ह्यूत तेच दाखवा, सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालतं. भूगोल, जिऑलॉजी, फिशरीज, एन्व्हायर्नमेंट, सिव्हिल, कुठूनही येता येतं. नोकरी बहुतेक प्रोजेक्टपुरती, कॉन्ट्रॅक्टवर, प्रोजेक्ट संपला की परत शोधाशोध, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि फील्डला बंदरावर गेलात तर लिलाव चालू असताना वही काढून प्रश्न विचारू नका. मी विचारले होते, एका मावशीने टब सरकवता सरकवता सांगितलं, बाय, मासे विकू का तुला शिकवू? अकरा वाजता परत गेले, जाळं विणत सावलीत बसल्या होत्या, मग दोन तास बोलल्या. जाळी वाळवायची जागा, होड्या ओढायची जागा, आमच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं, ते सगळं त्यांनी माझ्या प्रिंटआउटवर पेनाने काढून दिलं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, वर तारीख आणि भरतीची वेळ लिहून.