क्लेमचे मानक बदलताना बिलिंग विभागाने करावयाची तयारी

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक क्लेमची, म्हणजे उपचाराच्या पैशांसाठी विमा कंपनीकडे संगणकाद्वारे पाठवलेल्या मागणीची, रचना १९९६ च्या हिपा या आरोग्यविम्याविषयीच्या कायद्यानुसार ठरवून दिलेली असते. ती बदलली की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली म्हणजे काम झाले, असे बिलिंग विभागात सहसा गृहीत धरले जाते. या क्लेमची मांडणी ठरवणाऱ्या एक्स१२ मानकाच्या ४०१० आवृत्तीकडून ५०१० कडे जाण्याची मुदत १ जानेवारी २०१२ होती, मात्र तयारी अपुरी असल्याने नियम न पाळणाऱ्यांवरील कारवाई ३० जून २०१२ पर्यंत लांबणीवर टाकावी लागली. पुढच्या बदलाची तयारी कशी करावी, हे त्या बदलाच्या तपशिलातूनच शिकता येते.

सुरुवातीला आपण कोणते व्यवहार करतो याची एक्स१२ मधील क्रमांकांनुसार नोंद करावी: क्लेमसाठी ८३७, देयकाच्या तपशिलासाठी ८३५, विमापात्रतेसाठी २७० व २७१, क्लेमच्या स्थितीसाठी २७६ व २७७. ही नोंद तासाभरात होते.

खरे काम त्यानंतरचे, म्हणजे जुन्या आणि नव्या आवृत्तीतील रकाने एकापुढे एक ठेवून पाहण्याचे आहे. ५०१० मध्ये बिल करणाऱ्याच्या पत्त्यात पोस्ट बॉक्स चालेनासा झाला, प्रत्यक्ष जागेचा पत्ता आणि नऊ अंकी झिप कोड (अमेरिकेतील पिन कोड) आवश्यक ठरला, तर पोस्ट बॉक्सवर पैसे हवे असल्यास तो पत्ता वेगळ्या रकान्यात द्यावा लागू लागला. भूल देण्याच्या सेवेचा कालावधी मिनिटांत कळवणे आले, आणि ज्या रुग्णाला विमा कंपनीने स्वतंत्र सदस्य क्रमांक दिला आहे, त्याची नोंद कुटुंबातील अवलंबित म्हणून न करता थेट विमाधारक म्हणून करावी, असा नियम झाला. यातील एकही गोष्ट सॉफ्टवेअर आपण होऊन दुरुस्त करत नाही. ही माहिती नोंदणी कक्षात भरली जाते, आणि पत्ता बदलायचा तर विमा कंपनीकडील नोंदीही त्याच्याशी जुळवाव्या लागतात.

चाचणी आधी स्वतःच्या यंत्रणेत आणि मग क्लिअरिंगहाऊस (क्लेम तपासून विमा कंपन्यांकडे पोहोचवणारी मध्यस्थ संस्था) व प्रमुख विमा कंपन्यांसोबत करावी. ९९९ ही पोच आली म्हणजे फाइलची मांडणी बरोबर आहे, एवढेच कळते. क्लेम पुढील प्रक्रियेसाठी स्वीकारला की नाही, हे २७७सीए ही दुसरी पोच सांगते. ८३५ मधील रक्कम आपल्या खात्यात योग्य क्लेमसमोर जमा होईपर्यंत चाचणी पूर्ण झाली असे मानू नये. नेहमीच्या साध्या क्लेमऐवजी दुसरा विमा असलेले, दुरुस्त करून परत पाठवलेले आणि नाकारले गेलेले क्लेम चाचणीसाठी निवडावेत.

बदलाच्या दिवशी एका बाबतीत हमखास गोंधळ होतो. ५०१० आवृत्ती क्लेम पाठवण्याच्या तारखेनुसार लागू झाली, त्यामुळे जुन्या उपचारांचे उशिरा पाठवलेले क्लेमही नव्या स्वरूपातच जाणे अपेक्षित होते. १ ऑक्टोबर २०१५ ला आलेले आयसीडी-१० या रोगांच्या वर्गीकरणाचे निदानसंकेत मात्र बाह्यरुग्ण सेवेत उपचाराच्या तारखेनुसार आणि दाखल रुग्णांच्या बाबतीत रुग्णालयातून सोडल्याच्या तारखेनुसार लागू झाले. कोणती तारीख धरायची, हे प्रत्येक बदलाच्या वेळी लेखी नोंदवून सर्वांना दाखवावे. शक्य तितके प्रलंबित क्लेम आधीच पाठवावेत आणि देयके रखडतील हे धरून काही आठवड्यांच्या खर्चाची तरतूद ठेवावी.

औषध दुकानांच्या क्लेमसाठी असाच बदल आता समोर आहे. एनसीपीडीपी या संस्थेने औषध दुकानांच्या क्लेमसाठी ठरवलेल्या मानकाच्या डी.० आवृत्तीत दहा लाख डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचे औषध रकमेच्या रकान्यात मावतच नाही. तिची जागा घेणारी एफ६ आवृत्ती स्वीकारण्याची मुदत ११ फेब्रुवारी २०२८ आहे.