युरोपातले फोटो घरच्यांना पाठवताय? या चुका टाळा

धाकटी बहीण जर्मनीत, फ्रायबुर्गला राहते. जूनमध्ये तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो आणि घरच्या ग्रुपवर सहाशे फोटो ओतले. आईने वीसेक पाहिले नि विचारलं, "तिकडे भाजी काय भाव रे?" भाजीचा एकही फोटो नव्हता. मुन्स्टर चर्चच्या मनोऱ्याचे मात्र चाळीस.

पहिली चूक ती. ११६ मीटरचा तो मनोरा माझ्यापेक्षा चांगला टिपणारे हजारो आहेत. त्याच्या पायथ्याशी रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. तिथली पांढऱ्या ॲस्परॅगसची जुडी आणि खडूने भाव लिहिलेली पाटी मी टिपायला हवी होती. (मनोरा काढायचाच असेल तर लांब जा आणि फोन सरळ धरा. पायथ्याशी उभं राहून फोन वर केला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो.)

गावातल्या रस्त्यांच्या कडेने अरुंद पाट वाहतात, त्यांना 'बेख्ले' म्हणतात. पोरं दोरीला लाकडी होडी बांधून पाण्यात सोडतात आणि तिच्याबरोबर चालत राहतात. चुकून पाटात पाय पडला तर फ्रायबुर्गकराशी लग्न ठरतं म्हणे. माझा दोनदा पडला. बायकोला सांगितलेलं नाही. या पाटाचा फोटो मी उभ्याने काढला, तर काकांचा प्रश्न आला, "गटार उघडं कसं ठेवतात?" फोन उलटा करून लेन्स पाण्याच्या जवळ नेली असती तर होडी मोठी दिसली असती आणि गटार म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

होडीवाल्या पोरांचे चेहरे मात्र नकोत. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. हा कायदा १९०७ सालचा. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफरांनी जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क याच्या मृतदेहाचा चोरून फोटो काढला, त्या गदारोळातून तो आला. चौकाच्या फोटोत ओघाने आलेली माणसं चालतात. एकाच आजीबाईंवर झूम केलं असेल तर आधी विचारा. नाहीतर हात, होडी, पाठमोरी आकृती पुरे.

आता सगळ्यात डोकं खाल्लेली गोष्ट. फोन तिकडे पोचताच स्थानिक वेळ घेतो, सोबत नेलेला कॅमेरा भारताच्याच वेळेवर राहतो. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे कॅमेऱ्यातला सकाळी नऊचा बाजार साडेबाराचा दिसतो आणि अल्बममध्ये दुपारच्या जेवणानंतर येऊन बसतो. उतरल्या उतरल्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावा. राहून गेलं तर फक्त कॅमेऱ्याचे फोटो निवडून त्यांची वेळ एकदम साडेतीन तास मागे करा. संगणकावरच्या बऱ्याच फोटो सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

फोटोखालच्या ओळींत माझी घाई दिसते. बंद दुकानांच्या रस्त्याखाली मी लिहिलं, 'रविवारी इथे सगळे झोपलेले.' बहिणीने झापलं. रविवारच्या सुट्टीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे, आणि दुकानं बंद असली तरी माणसं सायकली काढून ड्रायझाम नदीच्या काठाने निघालेली असतात.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो आणि पाटीवरचा भाव नीट वाचता येत नाही.