देणगीच्या पावत्या जीमेलकडून नाकारल्या जात होत्या, तेव्हा

आमच्या संस्थेच्या डोमेनचे डीमार्क धोरण (आमच्या नावाने आलेल्या, पण खरेपणा सिद्ध न झालेल्या ईमेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद) ‘रिजेक्ट’, म्हणजे ‘नाकारा’, केल्यानंतर जीमेलवरील देणगीदारांना पावत्या मिळेनाशा झाल्या आणि परत आलेल्या संदेशांत ५५०-५.७.२६ हा संकेतांक दिसू लागला. कार्यालयातून हाताने पाठवलेले ईमेल मात्र व्यवस्थित पोहोचत होते, म्हणून बाहेरच्या सेवेमार्फत जाणाऱ्या पावत्यांकडेच लक्ष वळवले.

धोरण न पाळणाऱ्या एका मेलबॉक्समध्ये पोहोचलेल्या पावतीचे मूळ हेडर (ईमेलचा प्रवास आणि तपासण्या नोंदवणाऱ्या ओळी) उघडले, तेव्हा एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का) आणि डीकेआयएम (डिजिटल सही खरी आहे का) या दोन्ही तपासण्या उत्तीर्ण होत्या, तरीही डीमार्क अनुत्तीर्ण होते. कारण असे, की एसपीएफ तपासणी ‘रिटर्न-पाथ’मधील (न पोहोचलेला ईमेल परत जाण्याच्या पत्त्यातील) डोमेनवर होते आणि तेथे, तसेच डीकेआयएमच्या सहीतही, सेवेचे स्वतःचे डोमेन होते, तर ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या प्रेषकाच्या पत्त्यात, आमचे. यांपैकी किमान एक उत्तीर्ण डोमेन ‘फ्रॉम’शी जुळल्याशिवाय डीमार्क मान्यता देत नाही.

अशा वेळी आपल्या एसपीएफ नोंदीत सेवेचा ‘इन्क्लूड’ (तिचे सर्व्हरही अधिकृत मानण्याची सूचना) घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. रिटर्न-पाथ परका असताना तो निरुपयोगी आहेच, शिवाय एसपीएफच्या १० डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) शोधांच्या मर्यादेतील जागाही फुकट खातो.

मी धोरण तात्पुरते ‘नन’ (काहीही कारवाई नको) केले, सेवेच्या सेटिंगमध्ये आमच्या डोमेनची डीकेआयएम सही सुरू केली आणि तिने दिलेल्या सीनेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) डीएनएसमध्ये भरल्या. नव्या पावतीच्या हेडरमध्ये सहीचे डोमेन सांगणाऱ्या ‘डी=’पुढे आमचे डोमेन आले; ईमेल स्वीकारणाऱ्या सेवांकडून येणाऱ्या डीमार्क अहवालांत अन्य कोणताही अधिकृत स्रोत अडकत नसल्याची खात्री झाल्यावर धोरण पुन्हा ‘रिजेक्ट’ केले.