लिबरऑफिसमध्ये मराठी नीट बसवायची तर

लिबरऑफिस (कागदपत्रं तयार करण्याचा मोफत प्रोग्रॅम) उतरवलं, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत) टाइप करायला घेतलं, की मराठीचं काम झालं असं वाटतं. मग छापलेल्या पानावर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. शैलीत अक्षराचा आकार १४ केला तरी देवनागरी जागची हलत नाही. शुद्धलेखन तपासणी चुकीच्या शब्दाखालीही रेघ ओढत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: मजकूर मराठी आहे, हे प्रोग्रॅमला कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रोग्रॅम लिबरऑफिसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. तिथे देणगीचं आवाहन दिसेल. ती किंमत नव्हे, न देताही प्रोग्रॅम पूर्ण मिळतो. विंडोजवर बसवताना ‘कस्टम’ निवडा आणि भाषांच्या यादीत मराठी निवडा, म्हणजे मेनूही मराठीत करता येतात. मॅकवर भाषासंच वेगळा उतरवावा लागतो. लिनक्सवरही मराठी भाषासंच सहसा वेगळं पॅकेज असतं. मेनू इंग्रजीत ठेवले तरी पुढच्या कशाचंही अडत नाही, आणि खालची नावं इंग्रजी मेनूप्रमाणेच दिली आहेत.

टूल्स ▸ ऑप्शन्स ▸ लँग्वेजेस अँड लोकेल्स ▸ जनरल इथे जा. (जुन्या आवृत्त्यांत या पानाचं नाव लँग्वेज सेटिंग्ज ▸ लँग्वेजेस असं आहे. मॅकवर ऑप्शन्सऐवजी प्रेफरन्सेस.) कागदपत्रांच्या डीफॉल्ट भाषांमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समोर खूण करा आणि त्यापुढे मराठी निवडा. लिबरऑफिस रोमन, पूर्व आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स’ अशा तीन गटांसाठी भाषा, फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवतं. देवनागरी तिसऱ्या गटात येते. म्हणूनच परिच्छेद शैलीत ‘वेस्टर्न’ रकान्यात आकार बदलला तर फक्त इंग्रजी शब्द मोठे होतात. देवनागरीसाठी त्याच पानावरचा सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) रकाना भरायचा. सगळ्या नव्या कागदपत्रांसाठी एकदाच ठरवायचं असेल तर ऑप्शन्स ▸ लिबरऑफिस रायटर ▸ बेसिक फॉन्ट्स (सीटीएल) इथे फॉन्ट आणि आकार ठरवा.

हा बदल जुन्या फाइलला लागू होत नाही, कारण भाषेची नोंद फाइलमध्येच असते. जुनी फाइल उघडा, टूल्स ▸ लँग्वेज ▸ फॉर ऑल टेक्स्ट मधून मराठी निवडा. यादीत मराठी नसेल तर ‘मोअर’मध्ये सापडेल.

आता ‘ल’ आणि ‘श’. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणं. दंडयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ हिंदीची. युनिकोडमध्ये एका अक्षराच्या दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे, त्यामुळे कीबोर्ड बदलून काहीही होत नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणं वेगळी भरलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच ती बाहेर येतात. भाषा हिंदी राहिली तर तोच फॉन्ट हिंदी अक्षरं देतो. ज्या फॉन्टमध्ये ही सोय नाही, तिथे भाषा बदलूनही फरक पडणार नाही. तेव्हा फॉन्टच बदला.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक टंकनातच पाळावा लागतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर ‘ऱ’ शिफ्ट-जेवर आहे: ऱ, मग हलन्त, मग य. काही जण साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून तेच रूप मिळवतात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. पुस्तकाची सूची करताना हे फार महागात पडतं. एकच पद्धत ठरवा, आणि ती ‘ऱ’चीच असू द्या.

मराठी शब्दकोश बसला आहे का, हे भाषांच्या यादीत मराठीशेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं चित्र आहे की नाही यावरून कळतं. नसेल तर लिबरऑफिसच्या एक्स्टेन्शन (जोडप्रोग्रॅम) संकेतस्थळावर शोधा, उतरवलेली फाइल एक्स्टेन्शन मॅनेजरमधून ‘अॅड’ करा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. तरीही ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ अशा शब्दांखाली रेघ येऊ शकते. मराठीत प्रत्यय एकावर एक चढतात, आणि कोशात प्रत्येक रूप असेलच असं नाही. नीट पारखून शब्द आपल्या कोशात जोडत जा.

जुन्या फाइलमधली देवनागरी या कशालाच दाद देत नसेल तर ती युनिकोड नाही. फॉन्ट बदलून लिबरेशन सान्स करा. अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर कृतिदेव किंवा त्यासारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. तो त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातूनच काढा. दुसऱ्या फॉन्टचा परिवर्तक वापरला तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात.

एवढं करूनही काही चुकत असेल तर ते कळवायला हवं. लिबरऑफिस कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. त्याआधीचा ओपनऑफिस हा प्रोग्रॅम सांभाळणारी सन कंपनी ओरॅकलने घेतल्यावर, २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी वेगळी वाट धरली, आणि त्यातून लिबरऑफिस आलं. संस्थेसाठी लागणारे ५०,००० युरो २०११ मध्ये लोकांनी आठ दिवसांत जमवून दिले, आणि १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था रीतसर स्थापन झाली. दोषनोंदणीची आणि भाषांतराची यंत्रणा तीच चालवते. मराठी वाचता न येणाऱ्या माणसालाही दोष स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता यावा, अशी तक्रार लिहिणं हे आपलं काम.

आधी हेल्प ▸ रीस्टार्ट इन सेफ मोड करून पाहा. दोष गेला तर गडबड तुमच्या सेटिंग्जमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. मग तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये पाहा, आणि पहिल्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्समध्येही पाहा. अक्षरजुळणीसाठी दोन्ही प्रोग्रॅम हार्फबझ वापरतात. दोन्हीकडे एकाच फॉन्टमध्ये सारखीच चूक दिसली तर तक्रार बहुधा फॉन्ट करणाऱ्यांकडे जायला हवी.

दोष लिबरऑफिसचाच ठरला तर हेल्प ▸ सेंड फीडबॅक मधून इंग्रजीत नोंदवा. एका नोंदीत एकच दोष. सोबत ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या स्वरूपातली एका शब्दाची फाइल जोडा, चाळीस पानांचा अहवाल नको. काय दिसतं आणि काय दिसायला हवं याची दोन चित्रं, फॉन्टचं नेमकं नाव आणि त्या शब्दातले संकेतांक क्रमाने द्या. आवृत्तीचा तपशील ‘अबाउट’ खिडकीतून जसाच्या तसा कॉपी होतो. दुसऱ्या कोणाला तोच दोष दिसला की नोंद ‘अनकन्फर्म्ड’वरून ‘न्यू’ होते. ‘नीडइन्फो’ झाली तर तुम्हाला काहीतरी विचारलं आहे. कित्येक महिने उत्तर गेलं नाही तर ती नोंद बंद केली जाते, म्हणून खातं उघडताना रोज बघता तोच ईमेल पत्ता द्या.