वॉरफ्रेम चौघांनी खेळायचाय? आधी होस्ट ठरवा

वॉरफ्रेमवर सल्ले देणारे पायलीला पन्नास मिळतात. कुठली बंदूक, कुठला मॉड (ताकद वाढवणारं कार्ड), कुठलं बिल्ड (मॉडची मांडणी) यावर तासतासभर बोलतात. त्यांच्यापैकी कुणाच्या केबलवर माडाची झावळ पडलेली नसते, त्यामुळे कोकणात बसून हा गेम खेळताना घोळ नेमका कुठे होतो ते त्यांच्या गावीही नसतं. देवगडात बसा, मालवणात बसा, नाहीतर गुहागरात. चौघांचा डाव शत्रूमुळे क्वचितच मोडतो. मोडतो तो चुकीच्या माणसाने इन्व्हाइट पाठवल्यामुळे. तो माणूस कसा निवडायचा ते सविस्तर सांगतो. बाकीच्या पायऱ्या भराभर.

नवख्यांसाठी थोडक्यात: कॅनडातल्या डिजिटल एक्स्ट्रीम्स कंपनीने २०१३ मध्ये आणलेला हा फुकट गेम. जास्तीत जास्त चौघांचं स्क्वॉड. वॉरफ्रेम नावाचा चिलखती देह चालवत सूर्यमालेतल्या ग्रहांवर मिशन करायची, सामान गोळा करायचं, नवी हत्यारं आणि नवे फ्रेम बांधायचे. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि आयफोनवाले एकाच स्क्वॉडमध्ये येऊ शकतात.

१. इन्स्टॉल

डाउनलोड मोठं आहे. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला गेमचं फोल्डर हार्ड डिस्कवर घेऊन यायला सांगा, आपल्या पीसीवर टाका, लाँचरला तपासू द्या. उरलेलं तो स्वतः उतरवतो.

२. पहिला फ्रेम आणि पहिले ५० प्लॅटिनम

एक्सकॅलिबर, मॅग, व्होल्ट यांपैकी एक निवडायचा असतो. चौघांपैकी एकाने तरी व्होल्ट घ्यावा, त्याच्या स्पीडचा फायदा सगळ्यांना होतो. पहिलं मिशन ज्याचं त्याने एकट्याने संपवायचं.

सुरुवातीला ५० प्लॅटिनम, म्हणजे गेममधलं विकतचं चलन, फुकट मिळतात. त्यातून रंग, टोप्या, घाईघाईने बांधकाम, यातलं काहीही घ्यायचं नाही. फक्त स्लॉट, म्हणजे फ्रेम आणि हत्यारं ठेवायच्या जागा. वॉरफ्रेमचा एक स्लॉट २० ला, हत्यारांचे दोन स्लॉट १२ ला. सुरुवातीला वॉरफ्रेमला दोनच जागा असतात आणि तिसरा फ्रेम दारात येऊन उभा राहिला की हे वाक्य आठवेल.

३. होस्ट

आता मुद्द्याचं. वॉरफ्रेममध्ये मिशन कंपनीच्या सर्व्हरवर चालत नाही. चौघांपैकी एकाच्या मशीनवर चालतं आणि उरलेले तिघे त्याला जोडलेले असतात. शत्रू कुठे उभा आहे, गोळी लागली की नाही, दार उघडलं की नाही, हे सगळं त्या एका मशीनवर ठरतं. तो होस्ट. त्याचं नेट अडखळलं की तिघांचे शत्रू जागच्या जागी नाचायला लागतात, दारं उघडत नाहीत, मारलेला शत्रू परत उभा राहतो. त्याची लाईट गेली तर पडद्यावर होस्ट मायग्रेशन येतं, सगळं थिजतं आणि गेम उरलेल्यांतला एक जण नवा होस्ट नेमतो. कधी मिशन पुढे चालू राहतं. कधी अर्धवट अवस्थेत चालू राहतं, म्हणजे शेवटचं दार उघडतच नाही. कधी सगळेच बाहेर फेकले जातात आणि तासाभराची कमाई पाण्यात. या टप्प्याने मला जेवढं छळलंय तेवढं गेममधल्या कुठल्याही बॉसने छळलेलं नाही.

घरच्या घरी जमवलेल्या स्क्वॉडमध्ये होस्ट कोण होतो? ज्याच्या इन्व्हाइटवर बाकीचे आले, तो. म्हणजे जो सगळ्यात उतावीळ, जो आधी लॉगइन करून तिघांना धडाधड इन्व्हाइट पाठवतो, तो. आणि माझा अनुभव असा की उतावळ्याचं नेट हमखास मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतं.

म्हणून पहिला नियम: ठरलेला माणूस सोडून कुणीही इन्व्हाइट पाठवायचं नाही. मॅचमेकिंग, म्हणजे स्क्वॉडमध्ये कोण येऊ शकतं ती सेटिंग, पब्लिकवर ठेवू नका, इन्व्हाइट ओन्लीवर ठेवा. चुकीच्या माणसाने पाठवलंच, तर ‘आता राहू दे, पुढच्या मिशनला बघू’ असं म्हणायचं नाही. सगळ्यांनी स्क्वॉड सोडायचं आणि योग्य माणसाने नव्याने बोलवायचं. अर्धं मिनिट लागतं.

योग्य माणूस कोण? इथेच वाईट सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘ज्याचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा तो’ हा त्यातला सगळ्यात वाईट. तो आकडा डाउनलोडचा असतो. होस्टला तिघांकडे माहिती पाठवायची असते, म्हणजे अपलोड, आणि तोही फार लागत नाही. लागतो तो स्थिर. ‘ज्याचा पीसी भारी तो’ हा अर्धाच बरोबर. होस्टचं मशीन धापा टाकत असेल तर सगळ्यांना त्रास होतो हे खरं, पण भारी पीसी लाईट गेल्यावर भारी ठोकळा होतो. साधा, पण बऱ्यापैकी लॅपटॉप बॅटरीवर मिशन संपवून देतो.

माझा क्रम असा. एक, फायबरचं कनेक्शन. दोन, राउटरपासून मशीनपर्यंत लॅन केबल. तीन, राउटरला आणि फायबरच्या डबीला बॅकअप. चार, लॅपटॉप. चारही असलेला माणूस पुण्यात किंवा डोंबिवलीत असेल तर तो होस्ट, मग तो कितीही वाईट खेळत असो. गावातलाच असेल तर उत्तम.

लॅन केबलबद्दल हट्टाने सांगतो. आपली जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, भिंती हातभर जाड. ओटीवर ठेवलेल्या राउटरचं वायफाय माजघरातून पडवीपर्यंत पोचता पोचता मेलेलं असतं. फोनवर दोन दांड्या दिसतात, व्हिडिओही चालतो, कारण व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. गेमला ती सोय नाही. तपासायचं असेल तर आधी राउटरलाच सतत पिंग लावून, म्हणजे उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजत, पाच मिनिटं बघा. तिथेच आकडा १ वरून २०० वर उड्या मारत असेल तर दोष घरातला आहे, केबलवाल्याला फोन करू नका. राउटरपर्यंत आकडा शांत आणि बाहेर उड्या, तर मग करा.

बॅकअपचं असं, की घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तुमचा राउटर चालू राहील, पण वाडीतल्या खांबावर केबलवाल्याची जी पेटी आहे, तिला बॅटरी आहे का? नसेल तर लाईट गेल्यावर तुमच्या राउटरचा हिरवा दिवा छान जळत राहतो आणि नेट मात्र नसतं. हे केबलवाल्याला आधीच विचारा, उत्तर ‘हो हो, आहे’ असं आलं तर लाईट गेलेली असताना एकदा स्वतः बघा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. अडॅप्टरवर व्होल्ट छापलेले असतात, बहुधा १२, ते जुळवून घ्या आणि फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही जोडा.

वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की होस्टने खेळ थांबवायचा, प्लग काढायचा, लॅनची केबलही काढायची. यूपीएस वीज पडण्यापासून वाचवत नाही. इथे मिशन अर्धं राहिलं तर राहू दे.

हॉटस्पॉटवाल्याने होस्ट का होऊ नये, तेही सांगतो, कारण ‘माझं फाइव्ह जी आहे’ म्हणून तो भांडतो. मोबाइलच्या नेटवर असंख्य लोक एका सामाईक पत्त्यामागे असतात. बाहेरून कुणाला थेट त्याच्या मशीनशी जोडायला वाट मिळत नाही किंवा कशीबशी मिळते. त्याने दुसऱ्याकडे जाऊन खेळायला हरकत नाही, पण त्याच्याकडे कुणी यायचं नाही. लॉगइन करताना स्ट्रिक्ट नॅटची, म्हणजे बाहेरून जोडायची वाट बंद असल्याची, सूचना दिसत असेल तर तो माणूस होस्टच्या यादीतून बाद. फायबरवाल्याला तीच सूचना आली तर गेमच्या सेटिंगमध्ये आणि राउटरमध्ये यूपीएनपी (गेमला ती वाट आपोआप उघडून देणारी सोय) चालू करा. तरी जाईना, तर राउटरवर यूडीपीचे ४९५० आणि ४९५५ हे पोर्ट आपल्या मशीनकडे वळवा. पीसीवर गेम मुळात तेच वापरतो. एवढ्यावरही सूचना राहिली तर कनेक्शनच सामाईक पत्त्यावरचं असणार. दुसरा होस्ट शोधा.

अनोळखी लोकांबरोबर पब्लिकमध्ये खेळणाऱ्यांसाठी एक. सेटिंगमध्ये मॅचमेकिंगची पिंग लिमिट असते. ‘कमी ठेव, लॅग येणार नाही’ असं सांगतात. इथून ती अगदी खाली ठेवली की मर्यादेत बसणारा होस्ट सापडतच नाही, गेम तुम्हाला रिकामं मिशन उघडून देतो आणि मागून येणाऱ्यांचे होस्ट तुम्हीच होता. ज्या नेटला घाबरून मर्यादा लावली, त्याच नेटवर तीन परके लोक बसतात. मर्यादा वर सरकवा आणि रीजन आशिया ठेवा.

एवढं करूनही होस्ट पडला, तर उरलेल्या तिघांनी हात बांधून बसायचं. वैतागून गेम बंद करू नका, कारण तुम्हीच नवे होस्ट असाल तर तुमच्या जाण्याने दुसरं मायग्रेशन सुरू होतं. आणि होस्टने मध्येच निघायचं नाही. डिफेन्समध्ये ‘थांबायचं की निघायचं’ असं विचारतात, तिथे होस्ट निघाला आणि बाकीचे थांबले तरी मायग्रेशन होतंच. होस्ट निघाला की सगळे निघाले.

बोलण्यासाठी गेममधला आवाज वापरू नका. फोनवर साधा कॉन्फरन्स कॉल लावा. फायबर गेलं तरी कॉल चालू राहतो. ‘अरे, खंय गेलंस?’ असं विचारल्यावर उत्तर मिळतं, आणि पाच मिनिटं थांबायचं की झोपायला जायचं ते कळतं.

४. मिशनमध्ये

एकमेकांपासून ५० मीटरच्या आत राहा. मित्राने मारलेल्या शत्रूच्या अ‍ॅफिनिटीतला (अनुभवाच्या गुणांतला) वाटा त्या अंतरातच मिळतो. पुढे पळणारा स्वतःला शूर समजतो आणि मागच्या तिघांना उपाशी ठेवतो. कुणी पडला की आधी उचला.

स्क्वॉडमध्ये पॉज नसतो. एकट्याने सोलोवर खेळताना असतो, आईने जेवायला हाक मारली की तिथे थांबवता येतं. चौघांत ते नाही, तेव्हा जेवणं उरकून बसा.

पावसाळ्यात कुठली मिशन घ्यायची यावर माझं मत पक्कं आहे: कॅप्चर, एक्सटर्मिनेट, रेस्क्यू. लहान, लगेच पदरात पडणारी. सर्व्हायव्हलमध्ये दर ५ मिनिटांनी बक्षीस मिळतं आणि सगळ्यात चांगल्या यादीतलं २० व्या मिनिटाला, म्हणून लोक तिथे ताटकळतात. ती बक्षिसं बाहेर पडल्याशिवाय तुमची होत नाहीत. जुलैच्या रात्री सलग २० मिनिटं लाईट राहील असं गृहीत धरणाऱ्याला माझा नमस्कार. ५ मिनिटं झाली की निघा, परत जा.

५. मॉड

खरी ताकद मॉडमध्ये. सुरुवातीला रायफलला सेरेशन, पिस्तुलाला हॉर्नेट स्ट्राइक, तलवारीला प्रेशर पॉइंट, अंगावर व्हायटॅलिटी आणि रीडायरेक्शन. एंडो (मॉड वाढवायचं सामान) आणि क्रेडिट (गेममधले साधे पैसे) याच मॉडवर खर्च करा. सेरेशन शेवटपर्यंत वाढवला की रायफलचा मारा १६५ टक्क्यांनी वाढतो, पण एकदम शेवटपर्यंत नेऊ नका, हत्याराच्या क्षमतेत बसत नाही. शत्रूंच्या तीन टोळ्या, प्रत्येकीवर वेगळा मारा: ग्रिनियरवर कोरोसिव्ह, म्हणजे इलेक्ट्रिसिटी आणि टॉक्सिन एकत्र. कॉर्पसवर मॅग्नेटिक, म्हणजे कोल्ड आणि इलेक्ट्रिसिटी. इन्फेस्टेडवर हीट. पुढचं पुढे.

६. ऱ्हायनो

चौघांचं पहिलं सामाईक लक्ष्य ऱ्हायनो हा फ्रेम ठेवा. त्याची आयर्न स्किन नवख्यांच्या सगळ्या चुका पोटात घालते. शुक्रावर फोसा इथे जॅकल नावाचं चार पायांचं यंत्र आहे. त्याच्या पायांवर मारा करायचा. ऱ्हायनोचे तीन भाग जॅकलकडून मिळतात, कुठला कधी मिळेल ते नशिबावर, म्हणून परत परत जावं लागतं. फेरी छोटी आहे, चौघे असले की झपाट्याने होते. मुख्य ब्लूप्रिंट मार्केटमधून क्रेडिटवर घ्यायची.

फाउंड्रीत, म्हणजे गेममधल्या कारखान्यात, तिन्ही भाग एकदमच बांधायला लावा, १२ तास लागतात. मग अख्खा फ्रेम ७२ तास. हे सगळं गेम बंद असताना, लाईट नसतानाही चालू राहतं. एकूण ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस. दीड दिवसाच्या गणपतीवाल्यांनी गावात असताना ऱ्हायनो घालून खेळायची आशा सोडावी, त्यांचा मुंबईला पोचल्यावर तयार होईल. पाच दिवसांवाल्यांनी जॅकलच्या फेऱ्या चतुर्थीच्या आदल्या रात्रीच मारून भाग फाउंड्रीत टाकावे आणि दुसऱ्या दिवशी आरतीला उभं राहण्याआधी मुख्य बांधकाम सुरू करून यावं.