पानी कथं गयं?

पहिल्या नोकरीत मला बालवाडीतल्या अठ्ठावीस पोरांचा वर्ग मिळाला. पहिले चार महिने मी मैत्रिणींना फोनवर अभिमानानं सांगायचे, माझा वर्ग एकदम शांत आहे गं. आता आठवलं की लाज वाटते. चार वर्षांची अठ्ठावीस पोरं एका खोलीत शांत बसत असतील तर तिथं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्यामुळेच बिघडलेलं असतं.

बालवाडीत नव्यानं शिकवायला निघालेल्या तुमच्यासाठी हे लिहितेय. खेळातून शिक्षण, शोधक वृत्ती, वगैरे तुम्ही कोर्समध्ये शिकलाच असाल. फ्रोबेल, मॉन्टेसरी, गिजुभाई या बालशिक्षणातल्या थोरांवर पाच-पाच मार्कांच्या टिपाही लिहिल्या असतील. ते परत सांगत बसत नाही. खेळाचे कोपरे कसे मांडायचे तेही तुम्हाला येतं. मला तर इतकं छान यायचं की पाहुणे आले की आधी माझाच वर्ग दाखवायचे. ठोकळ्यांचा कोपरा, बाहुलीघर, वाळूचं टब, सगळ्यांवर रंगीत पाट्या. आणि मध्ये मी, गोड आवाजात प्रश्न विचारणारी. "मुलांनो, हे काय आहे बरं?" "याचा रंग कोणता?" पोरं माझ्याकडे बघत राहायची. चार-पाच जणी उत्तरं द्यायच्या, त्याच त्या, नोकरदारांच्या घरातल्या. बाकीच्यांबद्दल मी प्रगतिपुस्तकात 'मितभाषी' असं लिहून मोकळी.

एकदा डबा झाल्यावर हात धुवायला पोरं नळावर गेली होती. मी वर्गातच रजिस्टर भरत होते. बाहेरून नुसता कलकलाट. डोकावून बघितलं तर माझे सगळे 'मितभाषी' आमच्या शाळेतल्या मदतनीस मावशींना घेरून उभे, आणि प्रश्नांची सरबत्ती चाललेली. मोरीतलं पाणी कुठे जातं, मुंगी बुडाली की मरते का, मावशीच्या हातावर हे हिरवं काय गोंदलंय, ते धुतलं तर जाईल का. सगळं अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत. मावशी भांडी घासता घासता त्यांना उलटे प्रश्न विचारत होत्या. ज्याला मी 'शोधाधारित अध्ययन' म्हणून वहीत आखत होते ते मोरीपाशी रोज आपोआप होत होतं, आणि मी त्या वेळेत हजेरीची बेरीज जुळवत होते.

तरी मला लगेच कळलं नाही. मला वाटलं, मावशी लाडावतात म्हणून पोरं बोलतात. खरा धक्का मार्चमध्ये बसला.

आमच्याकडचं मार्चचं ऊन तुम्हाला माहीत आहे. अकरा वाजता ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. मी पोरांना सावलीत बसवून जुने ब्रश आणि पाण्याचे डबे दिले होते, ओट्याच्या उन्हातल्या कडेवर चित्रं काढायला. हा खेळ फुकटातला आणि हमखास चालणारा, जरूर करा. एका पोरानं मोठा बैल काढला. शिंगं काढून होईस्तोवर बैलाची शेपटी गायब. तो थांबला. ब्रश खाली ठेवला, दोन्ही हातांनी फरशी चाचपली, हात उलटे करून बघितले. मग माझ्याकडे वळून, वर्षभरात पहिल्यांदा स्वतःहून, म्हणाला, "टीचर, पानी कथं गयं?"

आणि मी काय म्हणाले? "कथं नाही बेटा, कुठे. पाणी कुठे गेलं? म्हण बघू."

त्यानं म्हटलं. "पाणी कुठे गेलं." अगदी स्पष्ट. मी शाबासकी दिली. तो परत ओट्याकडे वळलाच नाही. ब्रश उचलून डब्यात ठेवला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

हे मी नऊ वर्षांनी लिहितेय, आणि त्या पोराची पाठ मला अजून दिसते.

यात वाईट काय, असं तुम्हाला वाटेल. माझ्या एका सहकारी बाईंना आजही वाटतं. प्रमाण भाषा शिकवायची नाही का? शिकवायची. पण चार वर्षांचं पोर जेव्हा "पाणी कुठे गेलं" हे विचारतं, तेव्हा त्याच्या डोक्यात एक मोठी गोष्ट चालू असते. त्याला दिसतंय की असलेली वस्तू नाहीशी झाली. तो कारण शोधतोय. ते सगळं वजन त्यानं शब्दांवर टाकलेलं असतं, आणि आपण त्याच क्षणी शब्दच काढून घेतो. वर त्याला कळतं की बाईंना माझ्या पाण्यात रस नाही, माझ्या तोंडात आहे. असं दोनदा-तीनदा झालं की पोर हुशारीनं गप्प बसायला शिकतं. माझे 'मितभाषी' असेच तयार झाले होते. जून ते मार्च, रोज दोन-चार वेळा दुरुस्ती, असा हिशेब मांडून बघा.

आणि गंमत म्हणजे मी स्वतः अमळनेर तालुक्यातली. घरी आईशी, भावाशी अहिराणीच. डी.एड.ला असताना वर्गात एकदा तोंडून 'मला'ऐवजी 'माले' निघालं तेव्हा सगळे हसले होते. त्यानंतर मी जी तोंडाला कुलूप लावून प्रमाण बोलायला लागले ते लागलेच. म्हणजे ज्या काठीचा मार मला बसला तीच काठी मी उचलली होती. बाहेरून आलेल्या शिक्षिकेनं हे केलं तर समजू शकते. आपण खानदेशातल्याच पोरी जास्त कडक वागतो, हे तुम्हीही तपासून बघा.

आता दुरुस्त नाही करायचं तर काय करायचं? हे नीट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरानं "पानी कथं गयं?" म्हटलं की आधी त्याच्यासोबत फरशी बघायची. खरंच बघायची, हात लावून. मग आपल्या बोलण्यात सहज, "अरे हो, पाणी गेलं कुठे?" झालं. त्याला 'कुठे' हा शब्द ऐकू आला. म्हणून घ्यायचं नाही, थांबायचं नाही. आणि मुख्य म्हणजे उत्तर द्यायचं नाही. 'बाष्पीभवन' तर मुळीच नाही. तो शब्द उच्चारला की शोध संपला.

पुढच्या वर्षी मी हाच खेळ परत मांडला, या वेळी मावशींना शेजारी बसवून. ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि थारोळ्याच्या कडेनं खडूनं रेघ मारली. "ही रेघ राखण करतेय, बघू पाणी पळतं का." थोड्या वेळानं पाणी आत सरकलेलं. परत रेघ. परत. चार रेघा झाल्यावर भांडण लागलं. एक गट म्हणे, "फरशीनी पी लिधं," फरशीनं पिऊन टाकलं. दुसरा गट, "ऊन लई गयं," ऊन घेऊन गेलं. मी विचारलं, कसं ठरवायचं? फरशीवाल्यांपैकी एक जण म्हणाली, ताटलीत टाका, ताटली पाणी पीत नाही. चार वर्षांची पोर! आम्ही एक ताटली उन्हात ठेवली, एक वर्गात कपाटाखाली. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या दप्तर टाकून सगळी कपाटाकडे पळाली.

मी एवढंच केलं: तांब्या, खडू, दोन ताटल्या, आणि तोंड बंद.

2022 साली 3 ते 8 वयोगटासाठी जो पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात घरच्या भाषेतूनच शिकवायला सुरुवात करा असं स्पष्ट म्हटलंय. खेळाचे प्रकारही दिलेत, मुक्त, मार्गदर्शनाखालचा आणि नियोजित. संस्थाचालकांशी वाद घालायची वेळ आली तर तो आराखडा हाताशी ठेवा, कामाला येतो. पण मला विचाराल तर ताराबाई मोडकांनी हे फार आधी करून दाखवलंय. 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केल्यावर आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हे नाव त्यातून आलं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य.

म्हणून ती तयार खेळणी-किट विकायला येणारी मंडळी मला आवडत नाहीत. आठ-दहा हजारांचा खोका, आत प्लास्टिकची फळं, त्यात केळंही प्लास्टिकचं. जळगाव जिल्ह्यात प्लास्टिकचं केळं! व्हिडिओ बघून रातोरात 'ॲक्टिव्हिटी' उचलणंही तसंच. त्यात अठ्ठावीस मोर तयार होतात, अठ्ठावीसही सारखे, आणि निम्मे बाईंनीच चिकटवलेले. ग्रुपवर फोटो छान येतो, हे खरं. आणि दोन दिवसांच्या कार्यशाळांमधल्या तज्ज्ञांबद्दल न बोललेलं बरं. ज्यांनी तीन वर्षांच्या पोराचं नाक कधी पुसलं नाही त्यांचं ऐका, चहा प्या, घरी या. गुरू शोधायचाच असेल तर शाळेतल्या मावशीच्या शेजारी आठवडाभर बसा.

साहित्य आपल्याकडे रग्गड आहे. कापसाची बोंडं, मक्याची कणसं, ज्वारीची धांडं, केळीचे सोपट, चिंचोके. फक्त एक सावधगिरी, आणि ही मी स्वतःच्या चुकीतून सांगतेय. छोट्या गटाला, म्हणजे तीन-साडेतीनच्या पोरांना, बारीक दाणे मोकळे देऊ नका. माझ्या वर्गात एकीनं हरभरा नाकात घातला. डॉक्टरांनी काढला, काही झालं नाही, पण तिच्या आईसमोर उभं राहताना माझे पाय लटपटत होते. आता बारीक सगळं बंद बाटलीत, खुळखुळ्यासारखं.

बाजाराचा कोपरा मात्र जरूर करा. आठवडे बाजार इथल्या प्रत्येक पोरानं बघितलेला असतो. आम्ही दोन टोपल्या आणि काठीचा तराजू केला होता. एक पोरगा कापसाचा व्यापारी झाला. माल तोलताना त्यानं अगदी सराईतपणे पारड्याला खालून बोट लावलं. काटा मारत होता! मी "असं खोटं करू नये" म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात समोरची 'शेतकरीण' ओरडली, बोट काढ! मग बोट लावून आणि काढून, दहा वेळा तोलून झालं. तिथून गाडी वजनावर गेली. पिशवीभर कापूस जड की मूठभर दगड? सगळ्यांनी कापूस म्हटलं, कारण पिशवी मोठी. तराजूनं सगळ्यांना खोटं पाडलं. तीन दिवस तेच चाललं होतं, आणि माझ्या आठवड्याच्या नियोजनात त्या दिवशी 'पालेभाज्यांची ओळख' होती. राहू दिली.

पालकांचं मात्र सोपं नाही, हे आधीच सांगते. "आमना पोऱ्या नुसता खेळस मॅडम, शेजारच्या शाळेतली पोरं शंभरपर्यंत लिहितात," हे तुम्हाला पहिल्या महिन्यात ऐकावं लागेल. फीचा प्रश्न असतो, शेजारणीशी तुलना असते, त्यांचं चुकतं असं नाही. मी आधी मनगटाच्या हाडांचं सांगायचे, की आठातली निम्मी तरी या वयात अजून कूर्चाच असतात, पेन्सिलीची घाई नको. कुणी ऐकायचं नाही. मग एका आईला विचारलं, भाकरी थापायला कशी शिकलीस? म्हणाली, माय थापायची तेव्हा पिठाचा गोळा द्यायची, मी वेडीवाकडी चानकी, म्हणजे छोटी भाकरी, करायचे. म्हटलं, तेव्हा मायनं परात पुढ्यात देऊन, दहा गोल भाकरी कर, असं म्हटलं होतं का? ती हसली. तिचा मुलगा वर्षभर मातीचे गोळे करत राहिला आणि पुढं अक्षर बरं निघालं. पण एक वर्ष तिनं मला धाकात ठेवलं होतं, तेही खरं.

सातपुड्याकडच्या, चोपडा-शिरपूर भागातल्या शाळांत जाणार असाल तर अहिराणीवरही विसंबू नका. तिथल्या पावरा, भिल्ल पोरांना अहिराणीसुद्धा परकीच. तिकडं शिकवणारी माझी मैत्रीण पहिल्या आठवड्यात मोठ्या बहिणींना बोलावून पाणी, भूक, शू, दुखतंय, आई एवढे शब्द शिकून घेते. बाकी पोरं शिकवतात म्हणे.

आणि हो, मीही अजून चुकते. मागच्याच महिन्यात 'शे' म्हणणाऱ्या पोरीला 'आहे' म्हणायला लावलं आणि मावशींनी नुसतं बघितलं माझ्याकडे. घाबरू नका. पोरं आपल्यापेक्षा मोठ्या मनाची असतात, दुसऱ्या दिवशी परत विचारतात. दहा महिने सलग टोकलं तरच गप्प होतात.

मी आता एक वही ठेवते. पोरांचे प्रश्न, जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत. सध्या पहिल्या पानावर आहे, "केळीले बी कथं ऱ्हास?" म्हणजे केळीला बी कुठे असतं? केळं उभं चिरून बघितलं, मधले काळे ठिपके बघितले, ते मातीत पेरून पंधरा दिवस पाणीही घातलं. काही उगवलं नाही. एका पोराचे वडील मंगळवारी बागेत कंद खणून दाखवणार आहेत. ग्रुपवर निरोप टाकायचा राहिलाय: पाण्याची बाटली, टोपी, आणि जुने कपडे घालून पाठवा, केळीचा चीक लागला की निघत नाही.