कोंबड्यांच्या आवारात चिखल झालाय? काय टाकायचं, पण त्याच्या आधी...

काहीही टाकायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा. भर पावसात छत्री घेऊन आवारात उभं राहायचं आणि खुराड्याच्या पत्र्यावरच्या पागोळ्या नेमक्या कुठे पडतायत ते बघायचं, मागच्या वेळी हेच राहिलं आणि गाडीभर लाकडाच्या ढलप्यांची खीर झाली. पागोळ्या आत पडत असतील तर पन्हळ लावा, पाणी बाहेर काढा. वरच्या अंगाने पाणी वाहत येत असेल तर कुंपणाबाहेर चर खणा.

मग जुना चिखल फावड्याने ओढून काढा, सगळा. त्याच्यावरच नवीन थर टाकायचा मोह होतो, पण त्यात शिट मुरलेली असते, अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवणीचे जंतू ओल मिळाली की जोर धरतात. तोवर कोंबड्या दुसरीकडे.

आता काय टाकायचं. पेंढा नको, सुकं गवत तर नकोच नको, भिजलं की दबून बुरशी धरतं आणि ती बुरशी श्वासातून कोंबडीच्या फुफ्फुसात जाते, शिवाय लांब काड्या गिळल्या की अन्नपिशवीत गोळा अडकतो. बारीक भुसा ओला झाला की लगदा, सुकला की धूळ. तूस खुराड्याच्या आत ठीक, उघड्यावर नाही. वाळू चांगली, जाड घ्या, शिट चाळून काढता येते, पण निचरा असेल तरच, नाहीतर तीही चिखलच. म्हणजे परत पागोळ्या! मी तरी जाड ढलप्याच टाकेन, सात-आठ इंच, रंग किंवा औषध मारलेलं लाकूड सोडून. पाणी खाली झिरपतं, कोंबड्या उकरत बसतात. फारच दलदल असेल तर तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर खडी, मग ढलप्या, फक्त टोकदार खडी वर येऊ देऊ नका, तळव्याला जखम होऊन गाठ धरते. आणि हे सगळं पन्हळ लावून झाल्यावर, आधी नाही!

चुना टाका असं कोणीतरी सांगणारच. कळीचा चुना अजिबात नाही, पाय भाजतात.

कडेने फळ्या उभ्या करा, नाहीतर सगळं बाहेर उकरतील. पन्हळीतला पाचोळा काढत राहा. थर दबला की वरून भर. खालचं कुजलेलं लगेच भाजीला नको, ढीग लावून मुरू द्या.